संगमरवरातील साम्राज्य : मुंबईची व्हिक्टोरियन शिल्पे आणि वऱ्हाडचा कापूस

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकात मुंबईत उभ्या राहिलेल्या भव्य सार्वजनिक वास्तूंच्या स्थापत्याविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या वास्तूंच्या दालनांत, दर्शनी भागांवर व चौकांत मांडलेल्या शिल्पांकडे मात्र बहुधा सजावट म्हणूनच पाहिले जाते. ही शिल्पे म्हणजे सत्तेने केलेले विधान होय आणि त्या विधानात वऱ्हाडसारख्या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाला कोणते स्थान मिळाले हे तपासल्याखेरीज त्यांचे मूल्यमापन पूर्ण होत नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

माध्यमाचा अर्थ

१८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीत, सर फ्रान्सिस चँट्री यांनी घडविलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा संगमरवरी पुतळा आहे. शिल्पकार इंग्लंडचा, शैली ग्रीक-रोमन आणि माध्यम शुभ्र संगमरवर, हा प्रघात पुढे व्हिक्टोरियन काळात दृढ झाला. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिलेला व १८७२ मध्ये अनावरण झालेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा हे त्याचे ठळक उदाहरण. मॅथ्यू नोबल यांनी सिंहासनस्थ राणीच्या राजवस्त्रांच्या घड्या ज्या कौशल्याने कोरल्या, ते नाकारता येत नाही. परंतु गॉथिक छत्राखालील या शुभ्र आकृतीचा मुख्य गुण दुरत्व हाच होता. ती पाहणाऱ्याशी संवाद करीत नव्हती. त्याच्याकडून आदराची अपेक्षा करीत होती.

१८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी याच पुतळ्यावर डांबर ओतले. पुढे रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी ते डाग काढले. या घटनेकडे केवळ राजकीय निषेध म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्या शुभ्रतेतून शिल्पाला अधिकार प्राप्त झाला होता, नेमक्या तिच्यावरच हा प्रहार होता. साध्या काळ्या दगडावर तो इतका बोलका ठरला नसता.

वास्तूवरील शेती

१८७८ ते १८८८ या काळात बांधलेले व्हिक्टोरिया टर्मिनस हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्यालय. त्याच्या बऱ्याच कोरीव कामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. दर्शनी भागावर अभियांत्रिकी, शेती, व्यापार व विज्ञान यांची प्रतीकशिल्पे आहेत. अकोला व बडनेरामार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेल्या याच रेल्वेने वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात नेला. तरीही या वास्तूवरील ‘शेती’ युरोपीय रूपकपरंपरेतून आलेली आहे. काळ्या मातीतला वऱ्हाडी कास्तकार तिच्यात दिसत नाही. श्रम वऱ्हाडचे आणि रूपक परके, ही विसंगती या शिल्पांच्या अर्थाचाच एक भाग आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. जे. जे.चेच विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी पुढील दशकात ‘मंदिरपथगामिनी’ या प्लास्टरच्या शिल्पात महाराष्ट्रीय स्त्री साकारली. पुढे अहमदाबादसाठी राणीचा संगमरवरी पुतळाही त्यांनीच घडविला. परकी शैली आत्मसात करणारा हात स्वतःचा विषय शोधू शकत होता. मात्र मोठी सार्वजनिक कामे कोणत्या विषयावर मिळणार, हे आश्रयदाता ठरवीत असे.

समारोप

नोबल यांची राणी १९६५ नंतर आपल्या मूळ चौकात राहिली नाही. आज ती भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, छत्राविना आहे. स्थान व छत्र गेल्यावर सत्तेचे विधान विरले आणि कलाकृती तेवढी उरली. अशा शिल्पांचा केवळ गौरव किंवा केवळ धिक्कार अभ्यासकाला पुरत नाही. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील शैक्षणिक सहली मुंबईत जातात, तेव्हा दगड कोठला, हात कोणाचे आणि पैसा कोणाच्या घामाचा, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांनी या शिल्पांपुढे उभे राहून विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग त्यांना आपल्याच शिवारात सापडेल.