मार्गिका मोकळी, पण बस कुठे आहे?

एप्रिल २००६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण मंजूर केले. वाहने नव्हे, माणसे पुढे सरकली पाहिजेत, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली. भारतातील हा पहिला प्रयोग. त्यावर टीका खूप झाली. ‘बसची मार्गिका रिकामी आणि शेजारी कोंडी’ हा त्यातला नेहमीचा मुद्दा. तो साध्या गणिताने तपासता येतो.

समजा, सिग्नल असलेल्या रस्त्यावरच्या एका मार्गिकेतून तासाला ९०० मोटारी जातात आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस असतो. म्हणजे तासाला १,३५० माणसे. त्याच मार्गिकेतून दर मिनिटाला ५० प्रवासी घेऊन एक बस गेली, तर तासाला ३,००० माणसे जातील. ताशी २० कि.मी. वेगाने धावणाऱ्या अशा दोन बसमध्ये सुमारे ३३० मीटर अंतर राहील. दुपटीहून अधिक माणसे जात असूनही मार्गिका रिकामीच दिसेल!

मात्र दर पाच मिनिटांनी एकच बस आली, तर जेमतेम ६०० माणसे जातील आणि टीकाकारांचे म्हणणे खरे ठरेल. आपल्या उदाहरणात तासाला २७ बस ही सीमारेषा आहे. त्याहून कमी बस सोडायच्या असतील, तर राखीव मार्गिका म्हणजे नुसता अरुंद केलेला रस्ता.

दुसरा मुद्दा नियमितपणाचा. दर दहा मिनिटांनी बस येत असेल, तर सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. पण कोंडीमुळे दोन बस पाठोपाठ आल्या आणि त्यांच्यातील अंतर आलटून पालटून २ व १८ मिनिटे झाले, तर? वीसपैकी अठरा प्रवासी लांबलेल्या काळात थांब्यावर येतात. त्यांना सरासरी ९ मिनिटे थांबावे लागते, उरलेल्या दोघांना १ मिनिट. एकूण सरासरी ८.२ मिनिटे. बस तेवढ्याच, खर्च तेवढाच, पण ताटकळणे दीडपटीहून जास्त. राखीव मार्गिकेचा खरा उपयोग इथे आहे.

या कल्पनेचे गाजलेले उदाहरण म्हणजे ब्राझीलमधील कुरिचिबा शहर. तेथे १९७४ मध्ये बसच्या राखीव मार्गिका सुरू झाल्या. पण त्याआधीच १९६६ च्या आराखड्यात शहर कोणत्या दिशांनी वाढवायचे हे ठरले होते. उंच इमारतींना परवानगी मुख्यतः याच बसमार्गांच्या कडेने मिळाली, त्यामुळे प्रवासी थांब्याजवळच राहू लागले. १९९१ पासून तेथे नळीच्या आकाराचे थांबे आले. तिकीट आधीच काढायचे आणि पायरी न चढता सरळ बसमध्ये शिरायचे. अर्थात, कुरिचिबातही मोटारी पुष्कळ आहेत आणि अलीकडे बसचे प्रवासी घटले आहेत. मार्गिका एकदा आखली की काम संपले, असे तेथेही झालेले नाही.

पुण्याने सुरुवातीला यातली मार्गिका तेवढी घेतली. तिकीट बसमध्येच राहिले. थांबा रस्त्याच्या मधोमध आला, पण तिथवर सुखरूप पोचण्याची सोय पुरेशी झाली नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या नव्या मार्गांवर थांब्याची उंची बसच्या दाराशी जुळवली गेली, ही सुधारणाच. २०२२ पासून मेट्रोही धावू लागली. पण स्थानकापर्यंत नेणारी बस आणि चालता येईल असा पदपथ नसेल, तर मेट्रोचेही तेच होईल.

या उणिवांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. स्वतःचे वाहन नसलेले विद्यार्थी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, वृद्ध यांना बसशिवाय पर्याय नाही. ज्यांना जमते ते कर्ज काढून दुचाकी घेतात आणि मग सहसा बसकडे परत येत नाहीत. रस्त्यावर एक वाहन वाढते, बसचा वेग आणखी घटतो.

विद्यार्थ्यांना शाळेजवळच्या थांब्यावर तासभर नोंदी करायला सांगावे : किती दुचाकी, मोटारी, रिक्षा व बस गेल्या, प्रत्येकीत अंदाजे किती माणसे होती आणि दोन बसमध्ये किती मिनिटे गेली. वरच्या गणितात हे खरे आकडे घालावेत. मार्गिका किती किलोमीटर झाली, हे आराखडे आवर्जून सांगतात. दहा मिनिटे चालून गेल्यावर दहा मिनिटांत बस किती नागरिकांना मिळते, हे त्यांनी आधी सांगायला हवे.