‘सार्वजनिक सत्यधर्म’ आणि मूलभूत हक्कांची कल्पना

जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, प्रसिद्ध झाले. पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडल्यावर डाव्या हाताने लिहिलेल्या ह्या ग्रंथाची गणना बहुधा धर्मचिंतनात केली जाते. त्याचे नावही तसेच सुचविते. तथापि त्याची रचना तपासली असता मराठीतील हक्कविचाराचा तो एक पायाभूत ग्रंथ ठरतो. आणि त्या विचाराचे वळण पाश्चात्त्य जाहीरनाम्यांहून वेगळे आहे, असेही दिसून येते.

फुले यांनी तरुणपणीच टॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले होते. पेन यांचा वाद राजसत्ता व वंशपरंपरागत सरदारवर्ग यांच्याशी असल्यामुळे त्यांच्या मांडणीत हक्क हा प्रामुख्याने सत्तेविरुद्धचा दावा होतो. फुले यांनी मनुष्याच्या जन्मसिद्ध समतेचे तत्त्व स्वीकारले, परंतु प्रतिपक्ष बदलला. त्यांच्या काळच्या पुण्यात अतिशूद्रांस पाण्यापासून व विद्येपासून दूर ठेवणारी शक्ती राज्यकर्त्यापेक्षा शेजाऱ्याच्या, पुरोहिताच्या आणि जातीच्या हाती अधिक होती. स्त्रियांच्या बाबतीत तर ती घरातच होती.

ह्या बदलाचा परिणाम ग्रंथाच्या घाटावर झाला आहे. सत्यवर्तन करणारे कोणास म्हणावे, ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे तेहतीस कलमांत येते. ह्या कलमांतील कर्ता राज्य नसून स्त्री अथवा पुरुष आहे. इतरांच्या हक्कांस बाध न आणणारी व्यक्ती कशी वागते, हे ती सांगतात. म्हणजे एकाचा हक्क येथे दुसऱ्याच्या वर्तनात सिद्ध होतो. पुरुष अनेक बायका करतो, तर स्त्रीने तसेच केल्यास त्यास ते रुचेल काय, हा फुले यांचा प्रश्न ह्याच भूमिकेतून आला आहे. एकाच कुटुंबातील माणसांनी भिन्न धर्म स्वीकारूनही प्रेमाने एकत्र नांदावे, ही कल्पनाही धर्मस्वातंत्र्याची कसोटी घराच्या उंबरठ्याच्या आत लावते.

ग्रंथातील उणिवा झाकण्याचे कारण नाही. संवादातील पृच्छक बहुधा अनुकूल असल्यामुळे प्रतिवादास धार येत नाही, आणि पुनरुक्तीही बरीच आहे. ह्याहून महत्त्वाच्या अडचणी दोन. हक्कांचा आधार निर्मीक हा असल्याने, निर्मीक न मानणाऱ्याच्या हक्काचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. शिवाय हक्कभंग झाल्यास दाद कोठे मागावी, हेही ग्रंथ सांगत नाही. ह्या दोन्ही ठिकाणी भारतीय संविधानाने निराळी वाट घेतली. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने करावा, ही ह. वि. कामत यांची सूचना संविधान सभेने ६८ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळली व अधिष्ठान लोकांकडेच ठेवले. आणि अनुच्छेद ३२ अन्वये सर्वोच्च न्यायालयाचे दार नागरिकास उघडे केले.

तरीही एका बाबतीत संविधान पेन यांच्यापेक्षा फुले यांच्या अधिक जवळ आहे. अनुच्छेद १७ अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई करतो. ती मनाई केवळ शासनापुरती नाही, प्रत्येक व्यक्तीस लागू आहे. अनुच्छेद १५ (२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते ह्यांची नावे घेतो. मूलभूत हक्कांच्या सनदेत विहिरीचा उल्लेख यावा, ह्यातच येथील प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपला ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली फुले यांच्या स्मृतीस अर्पण केला होता. तेवढ्यावरून ह्या अनुच्छेदांचे जनकत्व फुले यांच्याकडे देणे धाडसाचे होईल. परंतु प्रश्नाची जात एकच आहे, हे मान्य करावे लागते.

मात्र विहिरींसंबंधीच्या तरतुदीची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. ती शासनाच्या खर्चाने चालविलेल्या किंवा सार्वजनिक वापरास वाहिलेल्या पाणवठ्यांपुरती आहे. फुले यांनी १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केला तो हौद त्यांच्या स्वतःच्या घरचा होता. असा खाजगी हौद सर्वांस खुला करावा, अशी सक्ती ही तरतूद आजही करीत नाही. न्यायालयाची आज्ञा जेथे संपते तेथून पुढे समतेचा भार नागरिकाच्या वर्तनावर पडतो, आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला गेला तो नेमका त्याच भागासाठी. संविधानाच्या अभ्यासक्रमात ह्या ग्रंथास स्थान मिळावयाचे असेल, तर ते प्रामुख्याने ह्याच कारणासाठी मिळावयास हवे.