शब्दाची बदनामी

'व्हूडू' म्हणजे जादूटोणा, असे मीही वर्गात सांगत आलो. ते चूक होते. दाहोमेच्या, म्हणजे आजच्या बेनिनच्या, फोन भाषेत 'व्होदून' म्हणजे दैवत. गुलाम करून नेलेल्यांनी ते हैतीत जपले. १७९१ च्या उठावाला त्याच श्रद्धेचे बळ मिळाले; १८०४ साली हैती स्वतंत्र झाला.

पुढे १९१५ ते १९३४ तेथे अमेरिकी फौजा होत्या. त्याच काळात, १९२९ साली, विल्यम सीब्रूकचे 'द मॅजिक आयलंड' आले. त्यात उसाच्या मळ्यात राबणारी जिवंत प्रेते आहेत. वाचकाला त्यांची भीती वाटते. ती कोणासाठी राबतात, हा प्रश्न मात्र पडत नाही. हाच या पुस्तकाचा दोष.

२००३ साली हैतीने या धर्माला अधिकृत मान्यता दिली. काही शब्दकोश अजून 'जादूटोणा' असाही अर्थ सांगतात. ज्यांच्या जातीची नावेच शिव्या झाल्या, त्या आपल्याला यातले राजकारण वेगळे शिकवावे लागू नये.