दम लागलेला दिसू नये

‘ये बॅले’ मी पहिल्यांदा पाहिला तो घणसोलीहून ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये, उभ्याने, मोबाइलवर. संवाद चालू असले की चेहरे स्क्रीनभर दिसायचे. नाच सुरू होऊन कॅमेरा मागे सरकला की मनीष चौहान माझ्या अंगठ्याएवढा व्हायचा. उडी मारली एवढं कळायचं, कशी मारली ते नाही. ठाण्याला उतरताना मत पक्कं झालं होतं: पोरगा नाचतो भारी, अभिनय जेमतेम. मग घरी मोठ्या स्क्रीनवर पुन्हा पाहिला, आणि मत बदलावं लागलं.

सुनी तारापोरवालांनी लिहून दिग्दर्शित केलेला हा चित्रपट फेब्रुवारी २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर आला. गोष्ट खऱ्या दोन मुलांवर बेतलेली आहे. मनीष चौहान टॅक्सी ड्रायव्हरचा मुलगा, अमीरुद्दीन शाह वेल्डरचा. येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन शिक्षकाने दोघांना मुंबईत बॅले शिकवला आणि २०१७मध्ये अमीरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. चित्रपटातला शिक्षक ज्युलियन सँड्स. अमीरुद्दीनवरून घेतलेला आसिफ झालाय अचिंत्य बोस, तोही नर्तकच. मनीषवरून घेतलेला निशू मात्र खुद्द मनीषने केलाय.

‘स्वतःचीच भूमिका करायची, त्यात कसला अभिनय?’ माझाही सूर हाच होता. पण सुरुवातीच्या प्रसंगांत त्याला काय करावं लागलंय ते बघा. निशूला अजून बॅले येत नाही. मनीषला तोवर चांगला येत होता. म्हणजे वर्षानुवर्षं घासून सरळ केलेली पाठ पुन्हा थोडी सैल सोडायची, पाय अर्धवट ताणायचा, हातांचं काय करायचं ते कळत नसल्यासारखं उभं राहायचं. दहा बोटांनी टायपिंग करणाऱ्याला पुन्हा दोन बोटांनी, अक्षरं शोधत टाइप करायला सांगा. दोन मिनिटांत बोटं खरं बोलून जातात. इथे ते काम अख्ख्या शरीराने करायचंय. माझ्या मते मनीषचा अभिनय तिथे आहे, संवादांत नंतर.

बॅलेच्या नर्तकाला पडद्यावर हे आणखी जड जातं. आपल्या कथकात अभिनय हा नाचाचाच भाग असतो, डोळे आणि भुवया बोलतात. शांतारामबापूंनी १९५५मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’साठी गोपीकृष्णांना नायक केलं, तेव्हा चेहऱ्याचं शिक्षण त्यांच्याकडे आधीपासून होतं. बॅलेची शिस्त वेगळी. उडी कितीही अवघड असो, कष्ट झाकायचे, दम लागलेला दिसू द्यायचा नाही. कॅमेऱ्याला मात्र नेमकं तेच हवं असतं: घाम, धाप, चुकल्याची भीती. त्यामुळे बॅलेतून पडद्यावर येणं म्हणजे जे लपवायला शिकलो, ते दाखवायला शिकणं. मनीषचा चेहरा संवादांत बंद वाटतो, त्याचं एक कारण हे असावं. निशू घरी मोकळं बोलू न शकणारा मुलगा आहे, म्हणून तो बंदपणा भूमिकेला शोभूनही जातो.

मिखाईल बारिश्निकोव्ह १९७७मध्ये ‘द टर्निंग पॉइंट’मध्ये आला तेव्हा तो जगप्रसिद्ध होता. भूमिका नर्तकाचीच होती आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. आधी रंगमंच, मग पडदा. मनीषचा क्रम उलटा आहे. बॅलेच्या हिशोबाने तो फार उशिरा शिकायला लागला, आणि बॅलेवर पोट भरेल अशी कंपनी आपल्याकडे जवळजवळ नाहीच. नर्तक म्हणून स्थिरावण्याआधीच तो नायक झाला. त्याच्यासाठी पडदा म्हणजे निवृत्तीनंतरची सोय नव्हती, वाटेतलं एक स्टेशन होतं.

चित्रपटाला हे पूर्ण कळलंय असं मला वाटत नाही. तो घाईत आहे. दोन मुलं, दोन घरं, एक चिडका शिक्षक, धर्म, पैसा, सगळं दोन तासांच्या आत. मग शिकण्याचा काळ संगीतावरच्या झटपट तुकड्यांत उरकतो. जे कष्ट दाखवण्यासाठी खरा नर्तक आणला, तेच एडिटिंगमध्ये हलके होतात. ‘गली बॉय’ने २०१९मध्ये खऱ्या रॅपर्सवरून प्रेरणा घेतली, पण नायक रणवीर सिंग होता. तारापोरवालांनी खरा मुलगा घेण्याची जोखीम पत्करली. तर मग त्याचं पडणं, परत उठणं एका सलग शॉटमध्ये पाहू द्यायला हवं होतं.

दुसरी तक्रार बापाबद्दल. विजय मौर्यने तो चांगला केलाय, पण पटकथेत तो मुख्यतः अडथळा आहे. माझी इंजिनिअरिंगची फी ज्या घरातून भरली गेली, तिथे ‘आधी डिग्री, मग काय हवं ते’ हे वाक्य रोज ऐकू यायचं. तेव्हा राग यायचा. आता महिन्याचे हप्ते स्वतः भरताना कळतं की त्या वाक्यात भीती होती आणि भीतीमागे हिशोब होता. टॅक्सीवाल्या बापाचाही हिशोब चुकीचा नाही. त्याला बरोबर राहू देऊन मुलगा नाचला असता, तर निशूच्या उडीचं वजन वाढलं असतं.

ते वजन ‘कॉल मी डान्सर’ या २०२३च्या माहितीपटात सापडतं. लेस्ली शॅम्पेन आणि पिप गिल्मोर यांचा कॅमेरा काही वर्षं मनीषच्या मागे आहे. इथे त्याला निशू व्हायचं नाही. आई-वडील त्याच्यावर अवलंबून आहेत, वय पुढे सरकतंय, आणि नायक होऊन झाल्यावरही प्रश्न तोच उरतो: नर्तक म्हणून काम कुठे मिळेल?

दोन्ही पाहा, आधी ‘ये बॅले’, मग हा. फक्त लोकलमध्ये उभ्याने नको. निदान नाच सुरू झाल्यावर फोन आडवा धरा आणि चेहरा सोडून पायांकडे बघा.