धन आणि ऋण

गेल्या वर्षी पुण्यात फ्लॅट घेतला. तो बाबांच्याही नावावर असावा म्हणून कर्जात त्यांना सहअर्जदार केलं. बँकेतल्या मुलीनं त्यांचा सिबिल स्कोअर काढला आणि अवघडून म्हणाली, “सर, काकांचा मायनस वन येतोय.” उणे एक म्हणजे वाईट नव्हे, या माणसाला कर्जाचा इतिहासच नाही, एवढाच त्याचा अर्थ. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर घर चालवताना बाबांनी बँकेकडून कधी पैसा उचलला नाही, क्रेडिट कार्ड घेतलं नाही. त्याचा त्यांना अभिमान आहे. परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, “म्हणजे मी कुणाचं काही लागत नाही, म्हणून माझ्यावर भरवसा नाही?”

मला उत्तर सुचलं नाही. कॉलेजात असताना अर्धवट सोडलेलं डेव्हिड ग्रेबरचं ‘डेट : द फर्स्ट फाइव्ह थाउजंड इयर्स’ त्या आठवड्यात पुन्हा काढलं. २०११ साली आलेलं हे पुस्तक. ग्रेबर मानववंशशास्त्रज्ञ, स्वतःला अराजकतावादी म्हणवणारा, ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलनात सुरुवातीपासून असलेला. २०२० मध्ये तो गेला. पुस्तकाची सुरुवात लंडनमधल्या एका गार्डन पार्टीत होते. गरीब देशांची कर्जं माफ करावीत असं ग्रेबर म्हणतो, आणि एक भली वकील बाई सहज म्हणते, पण घेतलेलं फेडायला तर हवंच ना! पुढची शेकडो पानं या एका वाक्याची उलटतपासणी आहे. ते वाक्य अर्थशास्त्राचं वाटतं, पण आहे नीतीचं, हे तो दाखवून देतो. आधी वस्तुविनिमय, मग नाणी, मग उधारी हा शाळेत शिकलेला क्रम चुकीचा आहे. उधारी नाण्यांच्या कितीतरी आधीची. माणसांमधली बांधिलकी अचूक आकड्यात मोजली की तिचं कर्ज होतं, आणि तसं मोजायला बहुतेकदा मागे कुणाची तरी जबरदस्ती उभी असते, हा त्याचा मुख्य मुद्दा.

मला सर्वांत आवडली ती त्याची शब्दांवरची नजर. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ म्हणजे कर्जही आणि अपराधही. माझ्या टीममधला जर्मन सहकारी चांगला पगार असून भाड्याच्या घरात राहतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. अमेरिकन सहकारी मात्र शिक्षणकर्जाची बाकी हवामान सांगावं तशी सांगतो. तिथे उधारी न घेणाऱ्याला पत नसते. आपल्याकडचा उणे एक त्याच जातीचा.

मराठी कानानं वाचताना आणखी काही सापडतं. आपण साखर उसनी आणतो, वाण्याकडे उधारी ठेवतो, कर्ज काढतो, आणि भाषणाच्या शेवटी ‘आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ म्हणतो. ब्राह्मणग्रंथांतल्या देव, ऋषी, पितर आणि माणसं यांच्या ऋणांवर ग्रेबरनं छान लिहिलंय : ही ऋणं परतफेडीची नाहीतच, कारण आपण त्यांच्यापासून वेगळे नाही. मराठी माध्यमात शिकलेल्यांना ‘ऋण संख्या’ही आठवतील. सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं शून्याच्या दोन बाजूंना नावं दिली ती ‘धन’ आणि ‘ऋण’.

बाबांचं शून्यही तसं कोरं नाही. माझी इंजिनिअरिंगची पहिली फी, ६० हजार, गिरणीवाल्या तात्यांनी दिली होती. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. बाबांनी ती तीन वर्षांत परत केली. त्यांच्या लेखी ते हातउसने होते, कर्ज नव्हे. पहिल्या पगारानंतर मी एफडीच्या दरानं व्याज काढून पाकीट घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. “मी सावकार आहे का रे?” एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ गिरणीचा पट्टा बघत राहिले. एका बापानं मुलाला जन्मापासूनच्या खर्चाचं बिल दिलं, मुलानं ते चुकतं केलं आणि पुन्हा बापाशी बोलला नाही, ही अर्नेस्ट थॉम्पसन सेटनची गोष्ट ग्रेबरच्या पुस्तकात वाचली तेव्हा मला ते पाकीट आठवलं.

पण या पुस्तकावर डोळे मिटून विसंबता येत नाही. पहिल्या आवृत्तीत ॲपलची स्थापना आयबीएम सोडलेल्या इंजिनिअरांनी १९८० च्या दशकात गॅरेजमध्ये लॅपटॉप घेऊन केली, असं लिहिलं होतं. स्थापना १९७६ ची. वॉझनियॅक ह्युलेट-पॅकार्डमध्ये होता, आणि तेव्हा लॅपटॉप कुठले? नंतर हे दुरुस्त झालं. पण ज्या विषयातलं मला कळतं तिथेच इतक्या चुका दिसल्यावर सुमेरबद्दलची पानं मी जरा जपून वाचली.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो आईमुळे सुचला. मावशीच्या लग्नाचा खर्च एका श्रीमंत नातेवाइकांनी केला होता. ते पैसे कुणी कधी मागितले नाहीत. पण त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्याला आई दोन दिवस आधी जायची, पोळ्या लाटायला. माझी दहावीची परीक्षा होती तेव्हाही गेली. किती फिटलं, किती उरलं, विचारायची सोय नव्हती. मी गृहकर्ज काढतोय म्हटल्यावर बाबा गप्प झाले, आई म्हणाली, “बरं केलंस. बँक काही पोळ्या लाटायला बोलवत नाही.”

यावर ग्रेबरचं उत्तर तयार आहे : ही उतरंड झाली, कर्ज नव्हे, कर्ज निदान नावापुरत्या बरोबरीच्या माणसांत असतं. वर्गवारी नेमकी आहे. पण आईसाठी आकडा हीच बरोबरीची पहिली खूण होती. ग्रेबरला आकड्यात जबरदस्ती दिसते, आणि ती असतेही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दंगे पसरले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पुस्तकाच्या शेवटी ग्रेबर अशाच सरसकट कर्जमुक्तीची हाक देतो. ती मला पटते. पण जे देणं कागदावर नसतं ते जाळता येत नाही, माफही करता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ‘आमच्या उपकारावर जगता’ हे ऐकलेल्यांसाठी पावती ही लहान गोष्ट नाही. न मोजलेल्या बांधिलकीची ऊब ग्रेबर फार सुंदर सांगतो. तिचा भार कुणाच्या हातांनी उचलला, हे सांगताना मात्र घाईत असतो.

हप्ते सुरू झाल्यावर काही महिन्यांनी बाबांचा स्कोअर आला, सातशेच्या वर. मी फोनवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, “यात तात्यांचं कुठं दिसतं?”

“नाही दिसत,” मी म्हणालो.

आई आतून म्हणाली, “माझंही दिसत नसेल.”