नियामक प्रथिने आणि अनुमानाची मर्यादा

स्तनकर्करोगात पेशींच्या वाढीवरील नियामक प्रथिनांचा ताबा सुटलेला असतो, हे आता सर्वमान्य आहे. तथापि एखाद्या प्रथिनाचे आधिक्य आढळणे आणि पेशीची वाढ त्याच आधिक्यावर अवलंबून असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. संशोधनपर लेखनात हा भेद पुष्कळदा पुसला जातो. या दृष्टीने सायक्लिन डी-१ या प्रथिनाचे उदाहरण उद्बोधक आहे.

आरबी हे प्रथिन पेशीविभाजनाला आवर घालते. इस्ट्रोजेनचा आपल्या ग्राहीशी संयोग झाला की सायक्लिन डी-१ ची निर्मिती वाढते. हे प्रथिन सीडीके-४ व सीडीके-६ या विकरांना कार्यप्रवण करते. ते विकर आरबीला फॉस्फेट जोडतात आणि आवर सुटून पेशी डीएनएच्या द्विगुणनाकडे वळते. पी-१६ हे प्रथिन याच विकरांना रोखते. ही साखळी इतकी सुसंगत आहे की तिच्यावरून काढलेले प्रत्येक अनुमान सिद्धच आहे असे वाटू लागते.

२००९ साली फिन, स्लेमन आणि सहकाऱ्यांनी ४७ पेशीवंशांवर पाल्बोसिक्लिब या सीडीके-४/६ रोधक द्रव्याची परीक्षा केली. इस्ट्रोजेन-ग्राही असलेल्या पेशींची वाढ त्याने विशेष रोखली. ज्यांत सायक्लिन डी-१ व आरबी यांच्या जनुकांची अभिव्यक्ती अधिक आणि पी-१६ ची कमी, असे पेशीवंशही अधिक संवेदनशील ठरले. तेव्हा सायक्लिन डी-१ चे जनुक बहुगुणित झालेल्या अथवा पी-१६ चे जनुक गमावलेल्या रुग्णांनाच अधिक लाभ होईल, हे अनुमान स्वाभाविक होते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पालोमा-१ या चाचणीत १६५ स्त्रिया होत्या. पहिल्या गटाची निवड केवळ इस्ट्रोजेन-ग्राही असणे व हर-२ चे आधिक्य नसणे यांवर झाली. दुसऱ्या गटाला उपरोक्त जनुकीय खुणेची अटही होती. लेट्रोझोलच्या जोडीला पाल्बोसिक्लिब दिल्याने रोग बळावण्यापूर्वीचा मध्यक काळ पहिल्या गटात ५.७ महिन्यांवरून २६.१, तर दुसऱ्यात ११.१ वरून १८.१ महिन्यांवर गेला. गट लहान असल्यामुळे पहिला सरस ठरला असे म्हणणे अनुचित होय. परंतु निवडीच्या खुणेने अधिक लाभ मुळीच दाखविला नाही, हे स्पष्ट आहे.

याचा अर्थ साखळी असत्य होती असा नव्हे. आरबी नष्ट झालेल्या पेशींवर हे द्रव्य निष्प्रभ ठरते. त्या दुव्याची सत्यता अबाधित आहे. चूक होती ती दुव्याच्या परिमाणाला अवलंबित्वाचे माप मानण्यात. ही चूक केवळ तात्त्विक नाही. परीक्षेवाचून ती खूण प्रमाण मानली असती, तर पहिल्या गटासारख्या असंख्य स्त्रिया उपयुक्त औषधाला मुकल्या असत्या. संशोधकांनी आपलेच अनुमान कसोटीला लावले, हे या कार्याचे खरे श्रेय होय.

म्हणून प्रथिनाचे आधिक्य नोंदवून थांबणारा प्रबंध अपुरा मानला पाहिजे. ते प्रथिन निष्क्रिय केल्यावर वाढ थांबते काय, आणि पेशीवंशात जे दिसले ते रुग्णातही दिसते काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत 'नियामक' हे विशेषण जपूनच योजावे.