बाप्तिस्मा आणि पैलतीर : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील तारणविचार

बोईसर-तारापूर परिसरातील कुंभवली या गावचा एक विद्यार्थी गेल्या वर्षी आमच्या पदव्युत्तर वर्गात होता. मराठी बायबलच्या भाषेविषयी चर्चा चालू असता त्याने एक शंका काढली. बोईसरच्या बाजारात पतपेढ्यांच्या पाट्यांवर 'सोने तारण' हे शब्द तो नित्य वाचीत असे. त्यामुळे येशूला 'तारणारा' म्हटलेले ऐकताच आपल्या मनापुढे नदी येत नाही, गहाण पडलेला दागिना येतो, असे तो म्हणाला. वर्ग हसला. परंतु शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, आणि प्रस्तुत लेख तिच्यातूनच निघाला आहे.

'तारण' या शब्दाचा धर्मक्षेत्रातील अर्थ 'तॄ' धातूवरून येतो. त्याच्यामागे भवसागर, नौका आणि पैलतीर हे संतवाङ्मयाने घरोघर पोहोचविलेले चित्र आहे. मूळ ग्रीक शब्दात मात्र पाणी नाही. 'सोतेरिया' म्हणजे संकटातून सुटका आणि सुरक्षितता. लॅटिन 'सालुस' या शब्दात तर आरोग्याचाही अर्थ आहे. पौलाच्या पत्रांत याच्याच जोडीला बाजारातील भाषा येते. गुलामाची किंमत मोजून त्याला सोडवावे तसे मनुष्याला पापापासून सोडविले गेले, असे तो मांडतो. मराठी भाषांतरकारांनी तेथे 'खंडणी' हा शब्द योजिला. म्हणजे पतपेढीची पाटी आठवणारा आमचा विद्यार्थी पौलापासून फार दूर गेला नव्हता.

या 'खंडणी' शब्दाची गंमत येथेच नोंदवावीशी वाटते. मराठ्यांच्या इतिहासात खंडणी जेत्या सत्तेला पोचती होई. आजच्या वृत्तपत्रांत ती गुंडाला पोचते. तेव्हा आजचा वाचक साहजिकच विचारील, की येशूने दिलेली खंडणी घेतली कोणी? ख्रिस्ती धर्मशास्त्रात हाच प्रश्न फार प्राचीन आहे. चौथ्या शतकातील नीसाचा ग्रेगरी याने ती सैतानाला दिली गेली असे उत्तर दिले होते. १०९८ च्या सुमारास अँसेल्मने ते त्याज्य ठरवून, मनुष्याच्या पापाने देवाच्या गौरवाची जी हानी झाली तिची ती भरपाई होय, असा सिद्धान्त मांडला. शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात घसरला आणि मराठी वाचक नकळत चौथ्या शतकात जाऊन पोहोचला.

असो. युरोपात तारणाचा वाद सोळाव्या शतकात एका विशिष्ट प्रश्नावर पेटला : मनुष्य केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो, की कृपेच्या साहाय्याने घडलेल्या सत्कृत्यांचाही त्यात भाग असतो? १५१७ नंतर लूथरने पहिला पक्ष घेतला. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ साली दुसऱ्या पक्षाची बाजू सविस्तर मांडली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करणारे बहुतेक अभ्यासक हीच मोजपट्टी हाती घेऊन येतात आणि स्टीफन्सला कॅथलिक रकान्यात, रमाबाई व टिळक यांना प्रॉटेस्टंट रकान्यात टाकून मोकळे होतात. ही वाटणी चूक नाही; पण तिने ग्रंथ उलगडत नाहीत. या वाङ्मयाला ज्या प्रश्नाने खरोखर ग्रासले तो निराळा आहे. महाराष्ट्रात बाप्तिस्मा घेणे म्हणजे घर, जात, कित्येकदा पत्नी अथवा आईही सोडणे होते. म्हणून येथे प्रश्न असा उभा राहिला, की बाप्तिस्मा म्हणजेच पैलतीर, की ती केवळ नौका. आणि नौकेत न बसलेल्यांचे काय?

फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आले. धर्मनिष्ठेच्या वादात माणसे प्राणास मुकत होती अशा इंग्लंडात त्यांचा जन्म झालेला. तरीही १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात श्रद्धा विरुद्ध कृत्ये हा वाद केंद्रस्थानी नाही. याचे कारण ग्रंथाच्या चौकटीतच सापडते. प्रारंभी नवख्रिस्ती श्रोता पाद्रीगुरूंना विनवितो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी ऐकण्यास आम्हांला काही द्या. हा श्रोता आधीच बाप्तिस्मा घेतलेला आहे. त्याच्यापुरता प्रवेशाचा प्रश्न मिटला आहे. उरली आहे ती रिती झालेली संध्याकाळ, जेथे पूर्वी पुराणश्रवण होत असे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा प्रपंच तारण मिळविण्यासाठी नाही, तारण पावलेल्यांना राहण्यासाठी घर बांधावे तसा आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांनी या विस्तारातून मराठीच्या स्तुतीच्या चारदोन ओव्याच उचलल्या आणि भाषाप्रेमी पाद्री एवढीच स्टीफन्सची ओळख विद्यार्थ्यांपुढे ठेवली, हे खेदाने म्हणावे लागते.

या घराचे बांधकाम जुन्या विटांचे आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ', सुटकेसाठी 'मुक्ती', सैतानासाठी 'देवचार' असे शब्द स्टीफन्स सहज वापरतात. शब्द जुने म्हणून आशयही जुनाच, असे मानणारा एक पक्ष आहे. शब्द केवळ आमिष होते असे मानणारा दुसरा. आम्हांला दोन्ही उतावीळ वाटतात. पहिल्या पुराणात आदामाच्या पतनाची कथा सविस्तर आल्यावर 'मुक्ती' हा शब्द पूर्वीचा राहूच शकत नाही : येथे सुटायचे ते जन्ममरणाच्या फेऱ्यातून नव्हे, एका घडून गेलेल्या अपराधातून. उलट 'वैकुंठ' शब्दाने आपला जुना अर्थ बराच टिकवून धरला आहे. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चार मुक्तींपैकी स्टीफन्सना पहिल्या दोन चालतात; देवाशी एकरूप होणारी सायुज्यता त्यांच्या धर्मशास्त्रात बसत नाही. अद्वैताचा 'मोक्ष' टाळून भक्तांचे 'वैकुंठ' निवडणे हा म्हणूनच काटेकोर धर्मशास्त्रीय निर्णय ठरतो. १९०७ ची सालढाणा यांची मंगळूर आवृत्ती, १९५६ ची बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आणि अलीकडे, २००९ साली, वसईचे फादर नेल्सन फलकाव यांनी सिद्ध केलेली आवृत्ती यांमुळे असा शब्दशः अभ्यास आता शक्य आहे. तो आजवर फारसा झाला नाही, एवढेच.

स्टीफन्सना जो प्रश्न विचारावा लागला नाही तो पंडिता रमाबाईंना टाळता आला नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की शास्त्रांत परस्परविरोध पुष्कळ असले तरी स्त्रीजात हीन आहे आणि तिला मोक्षाचा अधिकार नाही याविषयी त्यांचे एकमत त्यांना आढळले. पतिसेवेखेरीज तिला दुसरी वाट नव्हती. तारणाच्या प्रश्नाचा असा प्रारंभ युरोपीय धर्मशास्त्रात क्वचितच दिसेल. 'मी कसा तरेन' याच्या आधी 'मला तरण्याचा अधिकार आहे काय' हा प्रश्न येथे उभा आहे. इंग्लंडात पतित स्त्रियांसाठी चाललेले काम पाहून, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून, त्यांना उत्तराची दिशा दिसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्याच साक्षीत त्या मान्य करतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढे सुमारे आठ वर्षांनी सापडला. बाप्तिस्म्याला पैलतीर मानणाऱ्यांना हे वाक्य अडचणीचे आहे. नौकेत बसून आठ वर्षे झाली तरी तीर लागला नव्हता, आणि हे सांगण्याचे धैर्य स्वतःच्या चर्चच्या अधिकाऱ्यांपुढेही न वाकणाऱ्या बाईंजवळ होते. १९७७ साली अ. भि. शहा यांनी प्रसिद्ध केलेला त्यांचा पत्रव्यवहार हे दाखवितो.

नारायण वामन टिळकांची दिशा उलट आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी आयुष्याच्या अखेरीस नौकेविषयीच साशंक झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. पूल ओलांडून आलेल्याला नौकेचे महत्त्व वाटू नये, हे क्रमप्राप्तच. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान देऊ केले. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि हा उपक्रम फार काळ टिकला नाही. त्यांच्या अभंगांत या भूमिकेची पूर्वतयारी आढळते, आणि तिचे मोलही. तेथे पाप हा अपराध न राहता विरह होतो. क्रूस ही भरपाई न राहता प्रेमाची खूण होते. विरहाला न्यायाधीश लागत नाही, भेट लागते. काव्यदृष्ट्या हा मोठा लाभ होय, आणि स्टीफन्सनी बंद ठेवलेले सायुज्याचे दारही येथे किलकिले होते. तथापि आमच्या मते टिळकांनी येथे काहीतरी गमावले. ज्याने दुसऱ्यावर अन्याय केला आहे त्याला केवळ 'तू दूर गेलास' असे सांगणे पुरेसे नाही. खंडणीचे रोकडे रूपक, कितीही ओबडधोबड असले तरी, झालेल्या नुकसानीची नोंद ठेवते. अभंगांजलीच्या माधुर्यात ती नोंद पुसट होते.

एकाचे पाप दुसऱ्याने कसे फेडावे, हा कर्मसिद्धान्ताच्या बाजूचा आक्षेप या संदर्भात कोणासही सुचेल. १८३१ साली मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांच्यात झालेल्या वादापासून पुढच्या खंडनमंडनाच्या ग्रंथांचा त्या दृष्टीने स्वतंत्र विचार व्हावयास हवा. तो येथे करीत नाही. त्या ग्रंथांत तर्क पुष्कळ आहे, पण तर्क करणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काय घडले हे सांगणारे कोणी नाही.

ते सांगितले लक्ष्मीबाई टिळकांनी. 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून चार भागांत) हा ग्रंथ धर्मशास्त्राच्या सूचीत कोणी घालीत नाही, पण पतीच्या बाप्तिस्म्यानंतर तीरावर राहिलेल्या पत्नीची बाजू मराठीत त्याखेरीज कोठेही इतक्या स्पष्टपणे आलेली नाही. वियोगाची वर्षे संपून बाई पतीकडे परतल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. त्यांच्या मनातून प्रथम सुटली ती जात : हे भेद माणसाने केलेले आहेत असा निर्णय त्यांनी एकटीने, स्वतःशी विचार करून घेतला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला. त्या वेळी कोणा पाद्र्याने त्यांच्या डोक्यावर पाणी घातले नव्हते. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.